गव्हाचं पीठ न घालता हुलग्याचे शेंगोळे: पाण्यात विरघळतात, उपाय सांगा

बाळीवेस_किचन:
१२ वर्षांच्या पुतणीला सेलिअ‍ॅकचं निदान झालंय, म्हणजे ग्लूटेन या गव्हा-सातूतल्या चिकट प्रथिनाने तिच्या आतड्याला इजा होते. गहू, रवा, मैदा, सातू पूर्ण बंद. थंडी पडली की घरात शेंगोळे लागतातच आणि ती एकटी बाजूला बसून बघते, ते बरं वाटत नाही. नेहमीचं प्रमाण २ वाट्या हुलग्याचं पीठ, अर्धी वाटी ज्वारी, पाव वाटी कणीक. कणकेऐवजी तांदळाची पिठी घालून केले तर वळताना चिरा पडल्या, आणि उकळत्या पाण्यात सोडल्यावर अर्धे फुटून सगळं पिठलं झालं. बाइंडिंगला काय घालावं? हुलगा आणि ज्वारी दोन्ही तिला चालतात ना? आणि खपली गहू पचायला हलका म्हणतात, तो चालेल का?

मालदांडी:
आधी खपलीचं. नाही चालत. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लूटेन आहे. सेलिअ‍ॅकमध्ये प्रश्न हलकं-जड पचण्याचा नाहीच. हुलगा, ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, बेसन चालतं.

आता शेंगोळे. हुलग्याला स्वतःचा चिकटपणा कमी. कणकेतलं ग्लूटेन पीठ धरून ठेवायचं. ते काम आता ज्वारीकडून करून घ्यायचं, पण गार पाण्यात भिजवलेली ज्वारी ते करत नाही. तिची उकड काढावी लागते. तांदळाची पिठीही तुम्ही गार पाण्यातच भिजवली असणार.

ज्वारी पाऊण वाटी करा, हुलगा पावणेदोन. पाऊण वाटी पाणी, १ चमचा तेल आणि १ चमचा मीठ खळखळ उकळवा. गॅस बंद करून ज्वारीचं पीठ एकदम ओता, उलथन्याच्या दांड्याने ढवळा आणि ५ मिनिटं झाकून ठेवा. हाताला सोसेल इतकं गरम असतानाच तळहाताच्या टाचेने मळा, गुठळी राहता कामा नये. मग त्यात हुलग्याचं पीठ, १२-१५ लसूण पाकळ्या, १ चमचा जिरं आणि ४ हिरव्या मिरच्यांचं वाटण, थोडा ओवा, हळद घाला. लागेल तसं गरम पाणी चमच्याचमच्याने घेत घट्ट गोळा करा. ओल्या फडक्याखाली १५ मिनिटं ठेवा.

ज्वारीचं पीठ ताजं हवं. विरी (चिकटपणा) गेलेल्या पिठाची उकडही तुटते. चिमूटभर पीठ गरम पाण्यात मळून वळी करून बघा, वाकवल्यावर तुटली तर त्या पिठाच्या नादाला लागू नका.

वळताना तेलाचा हात, जाडी करंगळीपेक्षा कमी. जाड केले तर बाहेरून फुटतात आणि आत कच्चे राहतात. टोकं दाबून नीट चिकटवा, फुटायला सुरुवात तिथूनच होते.

गड्ड्याची_जत्रा:
मी म्हणेन २ चमचे इसबगोल घाला, उकडीचा खटाटोप नको. आणि एवढं काय, चमचाभर कणकेने काही होत नाही ओ.

मालदांडी:
इसबगोलाने धरतात हे खरं, पण २ चमचे जास्त होतात, रस्सा बुळबुळीत होतो. उकड काढून वर अर्धा चमचा घातलात तर चालेल. कणकेचं मात्र अजिबात ऐकू नका. पोट दुखलं नाही म्हणजे आतड्याला इजा झाली नाही असं नसतं. पाकिटावर ‘ग्लूटेन फ्री’ लिहायला एक किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. त्यापुढे चमचाभर कणीक म्हणजे फारच झाली.

काळंतिखट:
शेंगोळे धरतील, पण कोणी हिंगाचं बोललंच नाही. डबीतला पावडर हिंग शुद्ध नसतो, त्यात बहुतेक वेळा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. शंका असेल तर हिंग वगळा आणि फोडणीत ४ लसूण पाकळ्या ठेचून जास्त घाला. विकतच्या काळ्या तिखटातही हिंग असतो, तेव्हा तिच्यापुरतं घरी कुटलेलंच वापरा.

दुसरं, गिरणी. ज्या दगडावर आधी गहू दळला त्यावर तुमची मंगळवेढ्याची ज्वारी कितीही चांगली असली तरी गव्हाचं पीठ मिसळतंच. आधी किलोभर तांदूळ दळून घेतला तरी खात्री नाही. घरघंटी असेल तर ती फक्त बिनगव्हाच्या धान्यासाठी ठेवा. हुलगे निवडून (खडे आणि गव्हाचे दाणे दोन्ही निघतात), धुऊन, कडक वाळवून, मंद आचेवर खमंग भाजून मिक्सरला काढले आणि बारीक चाळणीने चाळले तरी शेंगोळ्यांना पुरतं.

चाळणी मात्र वेगळी घ्या. परात घासून निघते, चाळणीच्या जाळीतली कणीक निघत नाही. लाकडी काठवटीचं आणि पोळपाटाचंही तेच. विकतची कडक भाकरी घेतानाही त्याच तव्यावर, त्याच परातीत चपात्या होतात का ते विचारा.

बाळीवेस_किचन:
हिंग बघितला, गव्हाचं पीठ लिहिलंय! चाळणी आजच आणते. शिजवताना पाणी किती घेऊ? आणि कुकरला लावले तर?

मालदांडी:
कुकर नको, शिट्टीत आपटून मोडतात. रुंद पातेलं घ्या. २ पळ्या तेलात मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, काळं तिखट आणि त्यावर ७ वाट्या पाणी, पाऊण चमचा मीठ. पाणी खळखळ उकळल्याशिवाय एकही शेंगोळं टाकायचं नाही. कोमट पाण्यात ते आधी भिजतं आणि मग सुटतं. ५-६ टाका, पुन्हा उकळी येऊ द्या, मग पुढचे. पहिली ५ मिनिटं पळी घालू नका, पातेलंच धरून हलवा. हुलग्याला फेस येऊन उतू जातं म्हणून झाकण अर्धं ठेवा. मध्यम आचेवर २०-२५ मिनिटं. एक तोडून बघा, मध्ये कोरडं फिकट पीठ दिसलं तर अजून ५ मिनिटं. रस्सा दाट करायला वळताना उरलेला सुपारीएवढा गोळा पाण्यात कालवून शेवटी ओता.

निदान नुकतंच झालंय तर हुलगा पहिल्यांदा ४-५ शेंगोळ्यांपुरताच द्या, कडधान्य जड जाऊ शकतं. सुरुवातीला काहींना दूधही सोसत नाही, तेव्हा सोबत ताक द्यायचं का ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

काळंतिखट:
आणि घरातल्यांसाठी कणकेचे, तिच्यासाठी वेगळे असं करू नका. एक पळी इकडची तिकडे गेली की संपलं. सगळ्यांना हेच वाढा, उकडीचे शेंगोळे चवीला उलट खमंग लागतात.

बाळीवेस_किचन:
बरोबर. रविवारी सगळ्यांना हेच. उरले तर दुसऱ्या दिवशी गरम केलेले चालतील?

मालदांडी:
चालतील, रस्सा आटून गोळा होतो तेवढंच. वाटीभर उकळतं पाणी कडेने सोडा आणि मंद आचेवर ठेवा. गार पाणी घातलंत तर ढवळावं लागतं, आणि ढवळलं की मोडले.