चार वर्षांच्या पोराला कॅमेरा?

शीतकडी:
काल पालकांच्या गटात एका आईने लांबलचक लिहिलं. लेक चार वर्षांची, वाढदिवसाला कॅमेरा दिला. दर रविवारी फोटोवॉक, आठवड्याला एक विषय: दारं, खिडक्या, लाल रंग. मुलीच्या नावाचं इन्स्टा खातं, चालवते अर्थात आई. वर आम्हाला सल्ला, 'नजर घडवायची तर आत्ताच, नंतर उशीर होतो.' तिथे गप्प बसलो, बायकोला त्या गटात राहायचंय. इथे बोलतो.

आमच्या गोव्यात चवथीला, गणपतीवर फळं-फुलं बांधून टांगलेल्या माटोळीखाली उभं राहिलेलं पोर मान मोडेस्तोवर वर बघतं. चिबूड, तोरिंगं, कवंडळं, आंबाडे. हे कसलं, ते कुठून आणलं, नुसतं डोकं खातं. यंदा आमच्याकडे पाहुण्यांच्या मुलाच्या हातात कॅमेरा होता. खटाक, खटाक, आणि तोंड स्क्रीनमध्ये. एक प्रश्न नाही. हौस आईबापांची, गळ्यात पोराच्या.

पारिजात:
पाहुण्यांच्या एका पोरावरून सगळ्यांना निकालात काढलंत! माझा भाचा पाच वर्षांचा. माटोळीचे फोटो आम्ही मोठ्यांनीही काढले, सगळे समोरून, सगळे सारखेच. त्याचे बघितले तर सुंभाच्या गाठी, मखराची मागची बाजू आणि फटाक्यांना घाबरून टेबलाखाली दडलेलं मांजर. त्या मांजराला आम्ही दिवसभर शोधत होतो. आणि हे खूळ इन्स्टाने आणलेलं नाही. कोडॅकने १९०० साली एक डॉलरचा ब्राउनी कॅमेरा काढला, तो मुलं डोळ्यांपुढे ठेवूनच.

जुना रोल:
बाय, तो कॅमेरा फिल्मचे रोल खपवायला काढला होता, नजर घडवायला नव्हे. आमच्याकडे आग्फा क्लिक थ्री होता. एका रोलात बारा फोटो. बाबा बटणाला हात लावू द्यायच्या आधी दहादा बघायला लावायचे.

पारिजात:
आणि बारांतल्या चारांत मुंडकी छाटलेली असायची, तेही सांगा की.

रायबंदर-चोडण:
डब्ल्यूएचओने २०१९ मध्येच सांगितलंय, तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त स्क्रीन नको. विषय संपला.

पारिजात:
नीट वाचा. ते एका जागी बसून स्क्रीन बघण्याबद्दल आहे. आमचा भाचा चोडणला सलीम अली अभयारण्यात निवट्यांचे, त्या चिखलातल्या माशांचे, फोटो काढायला चिखलात पोटावर झोपला होता. कपडे मी धुतले, म्हणून चांगलं आठवतं.

फोंतेन्यासकार:
तुमचं निवट्या-मांजराचं चालू द्या. मला एवढंच सांगा, 'दारं, खिडक्या' हा विषय म्हणजे कुणाची दारं? पणजीत फोंतेन्यासच्या जुन्या रंगीत घरांत राहणाऱ्या आमची! पाव घ्यायला दार उघडावं तर समोर टोपीवाली बाई फोटोसाठी फुलं घेऊन उभी. बाल्कांवावर, दारापुढच्या ओट्यावर, बसायची सोय नाही. फोटो काढू नका म्हणून पाट्या लावल्या, तर पाटीसोबत फोटो. मागच्या रविवारी एक आई पोरीला घेऊन आली आणि मला म्हणते, 'अंकल, थोडं बाजूला व्हाल? तिच्या फ्रेममध्ये येताय.' माझ्याच दारात!

जुना रोल:
मग दर वर्षी एवढे झगझगीत रंग कशाला देता?

फोंतेन्यासकार:
पावसात भिंती काळ्या पडतात म्हणून! तुमच्या फोटोसाठी नव्हे. एक दिवस राहून दाखव मरे आमच्या गल्लीत.

रायबंदर-चोडण:
पर्यटक आले की हॉटेलं चालतात, तेव्हा बरं कुणी ओरडत नाही.

फोंतेन्यासकार:
माझं हॉटेल नाही. घर आहे. ह्या दोन्हींत फरक कळत नसेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

पारिजात:
अहो, लग्नाआधीचे प्री-वेडिंग फोटो काढायला येणाऱ्यांचा राग चार वर्षांच्या पोरीवर कशाला?

फोंतेन्यासकार:
पोरीवर नाही हो. ती पोर तर माझ्याकडे बघून हसली, शेजाऱ्यांचा कुत्रा चावतो का म्हणून विचारत होती. आईने खांदा धरून फिरवली, 'आधी डोअर, बेटा.'

शीतकडी:
घ्या! मी वेगळं काय सांगतोय?

पारिजात:
तुम्ही कॅमेऱ्याला शिव्या घालताय, हे आईला घालताहेत. भाच्याला आम्ही विषय देत नाही. माणसाचा फोटो काढायचा तर आधी विचारायचं, एवढाच नियम. आजीने नको म्हटलं की नाही काढत. त्याच्या बापाला अजून जमलेलं नाही ते.

शीतकडी:
बरं, तुमचा भाचा देवमाणूस. आणि इन्स्टा खातं? त्यावर कुणीच तोंड उघडलेलं नाही.

पारिजात:
ते बंद करावं. त्या पोरीला कुणी विचारलं होतं? तुमच्याशी सहमत आहे, तारीख लिहून ठेवा.

नवी आई:
मध्येच विचारते, रागावू नका. लगेच कागदावर छापून देणारा मुलांचा कॅमेरा घ्यावा का? मुलगा सहा वर्षांचा आहे.

जुना रोल:
बिलाच्या कागदासारखा असतो तो. पाकिटातली जुनी बिलं बघा, अक्षरं उडालेली असतात. फोटोंचंही तेच.

पारिजात:
घ्या हो खुशाल. उडाले तर उडाले, तो नवीन काढेल. दोरी मात्र मनगटात अडकवा, फेरीबोटीवरून आमचा एक कॅमेरा मांडवी नदीत गेलाय.

फोंतेन्यासकार:
आणि आमच्या गल्लीत येणार असाल तर रविवार सोडून या.