बारावी कॉम्प्युटर सायन्स: लॅपटॉपवर सगळं चालतं, कागदावर सगळं चुकतं

वाळपईकडची_बारावी

नमस्कार सगळ्यांना. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली, बारावीला आहे, सीबीएसई, विषय कॉम्प्युटर सायन्स म्हणजे ०८३ कोडवाला. प्री-बोर्डला ७० पैकी ३१ पडले आणि मी दोन दिवस नीट जेवलेसुद्धा नाही, कारण हा माझा आवडीचा विषय आहे हो, फिजिक्समध्ये कमी पडले असते तर एवढं वाटलं नसतं. लॅबमध्ये माझे प्रोग्राम चालतात, वर्गातल्या मुली माझ्याकडे एरर दाखवायला येतात, आणि पेपरात मात्र आउटपुट लिहा आलं की चुकतं, फंक्शन लिहा आलं की अर्ध्यात अडकते.

घरी एकच लॅपटॉप, तो भावाबरोबर वाटून घ्यायचा. सकाळची कदंबा बस साडेसहाची, परत यायला साडेतीन होतात. त्यात मार्चमध्ये आमच्याकडे काजूचा सीझन, बोंडू गोळा करायला सगळे बागायतीत, मलाही जावं लागतं. पेपर शेवटी शेवटी असतो असं सर म्हणाले. कुठून सुरुवात करू? क्लास लावायचा तर म्हापशाला जावं लागेल, तेवढा वेळ नाही. खाली पायथनचा (आम्हाला असलेली प्रोग्रामिंगची भाषा) आउटपुट लिहायचा एक प्रश्न टाकते, हाच प्री-बोर्डला आला होता, माझं उत्तर चूक का ते अजून समजलेलं नाही.

डेफ बदल(एल):
　एल.अपेंड(४०)
　एल = एल + [५०]
　एल[०] = ९९
　प्रिंट(एल)
ए = [१०, २०, ३०]
बदल(ए)
प्रिंट(ए)

मी दोन्ही वेळेला ९९, २०, ३०, ४०, ५० लिहिलं. पहिलं बरोबर दिलंय, दुसरं चूक.

म्हापसा_२०२१

टेन्शन नको घेऊस, मी पण यातून गेलोय. सीबीएसईच्या साईटवर दरवर्षी सॅम्पल पेपर आणि त्याची मार्किंग स्कीम टाकतात, मागच्या पाच वर्षांचे काढ आणि धडाधड सोडव. प्रश्न फिरून फिरून तेच असतात. मी तर शेवटच्या महिन्यात रोज एक पेपर सोडवायचो आणि ६२ आले थिअरीला. जास्त खोलात जाऊ नको.

फर्मागुढीची_ताई

बाय, आधी तुझ्या प्रश्नाचं बघूया, बाकीचं मग.

वहीत दोन डबे काढ. खरंच काढ, डोक्यात नको. पहिल्या डब्यात १०, २०, ३० लिही आणि वर चिठ्ठी चिकटव "ए". आता फंक्शन बोलावलं की काय होतं? नवीन डबा येत नाही, त्याच डब्यावर दुसरी चिठ्ठी लागते "एल". म्हणजे डबा एक, नावं दोन. अपेंड केलं की ४० त्याच डब्यात पडले, त्यामुळे ए ला पण ते दिसणार. आता पुढची ओळ, एल = एल + [५०], इथे तू घसरलीस. अधिक केलं की पायथन एक कोरा डबा घेतो, त्यात जुन्या डब्यातलं सगळं उतरवून घेतो, ५० टाकतो, आणि "एल" ची चिठ्ठी जुन्या डब्यावरून काढून या नव्यावर लावतो. "ए" ची चिठ्ठी जिथे होती तिथेच आहे. त्यानंतर ९९ टाकलेस ते कुठे गेले? जिथे एल आहे तिथे, म्हणजे नव्या डब्यात. म्हणून आतलं प्रिंट ९९, २०, ३०, ४०, ५० आणि बाहेरचं १०, २०, ३०, ४०.

हे तुला लॅपटॉपवर कधी समजणार नाही कारण तिथे तू रन करतेस, उत्तर बघतेस, आणि "हां असंच असणार" म्हणून पुढे जातेस. मी गोवा बोर्डाची, नंतर फर्मागुढीला इंजिनिअरिंग केलं, बोर्ड वेगळं सिलॅबस वेगळा पण हे दुखणं तंतोतंत माझं होतं. मला लॅबमध्ये एरर आली की मी स्वल्पविराम इकडचा तिकडे करून बघायचे, चाललं की सोडून द्यायचे. का चाललं ते मशीनला माहीत, मला नाही. परीक्षेत मशीन नसतं ना, तिथे मशीन तूच.

म्हणून माझं सांगणं एकच, आजपासून रोज तीन आउटपुटचे प्रश्न पेन्सिलने, लॅपटॉप बंद. प्रत्येक व्हेरिएबलला एक रकाना, लूपच्या प्रत्येक फेरीला एक आडवी ओळ, किंमत बदलली की लिहायची, गाळायची नाही. पहिला आठवडा एका प्रश्नाला वीस मिनिटं लागतील आणि वैताग येईल, पण करत राहा. उत्तर लिहून झाल्यावरच लॅपटॉप उघडायचा आणि ताडून बघायचं, चुकलं तर नक्की कुठल्या ओळीला फाटा फुटला ते शोधून लाल पेनाने खूण. लॅपटॉप भावाकडे असतो म्हणालीस, तर हे सगळं कदंबात बसूनही होतं, म्हणजे सीट मिळाली तर.

आणि @म्हापसा_२०२१, तुला ६२ आले छानच, पण हिला ३१ कशामुळे पडले ते कळल्याशिवाय दहा पेपर सोडवले तर तीच चूक दहा वेळा होईल. पेपर सोडवायचे, पण महिनाभराने.

मास्तर_सासष्टी

मी हाच विषय शिकवतो, त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहितोय, जरा लांब होईल.

पहिली गोष्ट, गुणांचं गणित समजून घे. थिअरी ७०, त्यात पायथन आणि प्रोग्रामिंगचा भाग ४०, डेटाबेस २०, नेटवर्क १०. पेपर तीन तासांचा, वर १५ मिनिटं फक्त वाचायला. आता ३१ पडले म्हणतेस तर उत्तरपत्रिका हातात घेऊन तिन्ही भागांचे गुण वेगवेगळे मांड. माझा अनुभव असा की पोरं पायथनच्या मागे लागून एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि नेटवर्क वाऱ्यावर सोडतात, आणि तिथलेच ३० गुण सगळ्यात कमी दिवसांत हाताला लागतात.

एसक्यूएलमध्ये मुलं ठरलेल्या जागी पडतात. व्हेअर आणि हॅविंग. समज मासळीचं टेबल आहे, रकाने नाव, जेटी, दर. मालीम, कुटबण, शापोरा, अशा जेटींवर आलेली मासळी. "४०० च्या वरची मासळी दाखवा" हा व्हेअर, कारण एकेक ओळ तपासायची आहे. "ज्या जेटीवर सरासरी दर ४०० च्या वर आहे त्या जेटी दाखवा" हा ग्रुप बाय जेटी आणि मग हॅविंग, कारण सरासरी ही एका ओळीची नसते, ढिगाची असते. आधी व्हेअर ओळी गाळतो, मग ढीग पडतात, मग हॅविंग ढीग गाळतो. हा क्रम डोक्यात बसला की चूक होत नाही. दुसरं, काउंट(*) सगळ्या ओळी मोजतो, काउंट(दर) लिहिलंस तर जिथे दर नल आहे, म्हणजे भरलेलाच नाही, ती ओळ सोडतो. आणि नल शोधायला "= नल" कधी लिहायचं नाही, "इज नल". तिसरं, टेबलाचा रकाना वाढवायचा तर ऑल्टर, आतली किंमत बदलायची तर अपडेट, ओळी काढायच्या तर डिलीट, अख्खं टेबलच उडवायचं तर ड्रॉप. ही चार दरवर्षी कुणीतरी एकमेकांत मिसळतंच.

फाईल हँडलिंगला मात्र जास्त वेळ दे, तिथे तीन प्रकार आहेत, टेक्स्ट, बायनरी, सीएसव्ही (स्वल्पविरामाने किमती वेगळ्या केलेली), आणि तिन्ही वेगवेगळ्या वागतात. बायनरी फाईल वाचताना पिकलचा (बायनरी फाईलसाठी पायथनचं मॉड्यूल) लोड पुन्हा पुन्हा करायचा, फाईल संपली की ईओएफ एरर येते म्हणून ते ट्राय एक्सेप्टमध्ये घालायचं, हा साचा झोपेतून उठवलं तरी लिहिता आला पाहिजे. सीएसव्ही लिहिताना न्यूलाईन रिकामं ठेवायचं विसरलं की विंडोजवर प्रत्येक ओळीनंतर एक कोरी ओळ येते. आणि डब्ल्यू मोडमध्ये फाईल उघडली की आतलं सगळं पुसलं जातं, नुसती उघडली तरी. प्रश्नात "आणखी रेकॉर्ड जोडा" असेल तर ए मोड. माझ्या एका विद्यार्थिनीचा अख्खा प्रोजेक्टचा डेटा या एका अक्षरापायी गेला, प्रॅक्टिकलच्या आदल्या संध्याकाळी. रात्री बसून तिने पुन्हा भरला.

स्टॅकमध्ये (शेवटी ठेवलेलं आधी निघतं अशी रास) लिस्टवरचा पुश म्हणजे वर ठेवणं आणि पॉप म्हणजे वरचं काढणं, एवढंच आहे. पुस्तकात पोस्टफिक्स, क्यू, सॉर्टिंग वगैरे धडे दिसतील, ते सीबीएसईच्या ०८३ ला नाहीत, सिलॅबसचा कागद समोर ठेवून धड्यांवर खुणा कर नाहीतर फुकट आठवडा जाईल. पॉप लिहिताना आधी स्टॅक रिकामा आहे का ते तपासायचं, ती एक ओळ विसरली की गुण कापला जातो.

नेटवर्कचा पाच गुणांचा प्रश्न म्हणजे चार-पाच इमारती, त्यांची अंतरं, प्रत्येकीतले कॉम्प्युटर. सर्व्हर जिथे सगळ्यात जास्त कॉम्प्युटर तिथे, आणि कारण लिहायचंच, की त्यामुळे बहुतेक ट्रॅफिक त्याच इमारतीत राहतो. प्रत्येक इमारतीत स्विच, अंतर जास्त असेल तिथे रिपीटर (मंदावलेला सिग्नल पुन्हा जोरदार करणारा), केबलचं चित्र पेन्सिलने. हे पाच गुण पदरात पडलेच पाहिजेत.

आता लिहिण्याबद्दल. फंक्शनचं नाव प्रश्नात दिलं असेल तर तेच वापर, आपलं नवीन नको. इंडेंटेशनसाठी पानावर आधीच पेन्सिलने पुसट उभ्या रेघा मार, तीन-चार पुरतात, म्हणजे इफच्या आतलं काय आणि बाहेरचं काय हे तपासणाऱ्याला एका नजरेत दिसतं. अख्खा प्रोग्राम जमत नसेल तरी फाईल उघडणं, लूप, बंद करणं, एवढं लिहून ठेव, स्टेपचे गुण मिळतात. कोरं पान सोडू नको.

म्हापसा_२०२१

ताईंचं पटलं, मी घाईत लिहिलं. एक राहिलं, प्रॅक्टिकलचे ३० विसरू नकोस. लॅब टेस्ट १२, त्यात ८ पायथनचे ४ एसक्यूएलचे, फाईल ७, प्रोजेक्ट ८, तोंडी ३. फाईलमध्ये किमान १५ पायथन प्रोग्राम लागतात आणि पायथनला एसक्यूएल जोडणारे ४. तिथे कमिट (बदल पक्का करायची ओळ) विसरू नको, माझा डेटा टेबलात जातच नव्हता आणि मी तासभर क्वेरी तपासत बसलेलो. आणि पेपरच्या तारखेचं म्हणशील तर २०२४ ला २ एप्रिल होता आणि २०२५ ला २९ मार्च. मधे सुट्टी बरीच मिळते, पण बाकीचे पेपर झाले म्हणून ढिलं पडायला होतं, माझं तसंच झालं होतं.

वाळपईकडची_बारावी

सगळ्यांचे खूप आभार, मला वाटलं नव्हतं कोणी एवढं लिहील. सर, तुम्ही सांगितलं तसं गुण मांडले. पायथन १९, डेटाबेस ८, नेटवर्क ४. म्हणजे नेटवर्कचे सहा आणि एसक्यूएलचे बारा मी नुसते टाकून दिलेत. आईला दाखवलं, तिला विषय कळत नाही पण ती म्हणाली सकाळी बागायतीत तू येऊ नकोस, संध्याकाळी ये.

ताई, काल आणि आज मिळून पाच प्रश्न केले पेन्सिलने. डब्यांचं चित्र काढून तोच प्रश्न परत केला, या वेळी अधिकच्या जागी एल += [५०] घेतलं. मला वाटतं यात नवीन डबा येत नाही, म्हणून बाहेर पण ९९, २०, ३०, ४०, ५०. बरोबर? आणि दुसरा हा,

एस = ०
फॉर आय इन रेंज(८, २, -२):
　एस = एस + आय
　प्रिंट(आय, एस)

माझा तक्ता: ८ ला ८, ६ ला १४, ४ ला १८, २ ला २०. लॅपटॉप भावाकडे आहे, अजून ताडून बघितलं नाही.

फर्मागुढीची_ताई

पहिलं एकदम बरोबर, += लिस्टवर लावलं की त्याच डब्यात भरतं. हे तू रन न करता काढलंस ना, हेच मला हवं होतं.

दुसऱ्यात शेवटची ओळ खोड. रेंजमधली दुसरी संख्या ही कुंपण असते, तिथपर्यंत जायचं पण तिला शिवायचं नाही, उलटं मोजताना पण तोच नियम. म्हणजे ८, ६, ४ आणि थांब, एस १८ वर राहिला. तक्त्यात लूप सुरू करायच्या आधी बाजूला "कुंपण २" असं लिहून ठेवत जा, महिनाभर तरी. रेंज(२, १०, ३) करून बघ आणि इथे टाक, त्यानंतर रात्री तुला स्टॅकचा एक देते.