मदत हवी आहे: क्यूटीसी ४८१ की ४४४?

आई ६८ वर्षांची, दादरला असते. खोकल्यावर अ‍ॅझिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) द्यायचंय, पण ती एस्सिटालोप्राम (नैराश्य-चिंतेवरची गोळी) घेते. दोन्ही औषधं क्यूटी (ईसीजीवर एका ठोक्यात हृदयाच्या खालच्या कप्प्यांची विद्युत क्रिया सुरू होऊन संपेपर्यंतचा वेळ) लांबवू शकतात, म्हणून डॉक्टरांनी आधी ईसीजी काढायला सांगितला. कागदावर ठोके ९६, क्यूटी ३८० मिलिसेकंद, क्यूटीसी (ठोक्यांच्या वेगानुसार सूत्राने दुरुस्त केलेला क्यूटी) ४८१. बायकांमध्ये ४६० च्या वर लांबलेला धरतात, त्यामुळे धस्स झालं.

लीड दोनमध्ये (ईसीजीच्या एका पट्टीवर) मी स्वतः मोजलं. क्यूआरएसच्या (ठोक्याच्या टोकदार उंचवट्याच्या) सुरुवातीपासून टी लहर खाली टेकेपर्यंत साडेनऊ बारीक चौकोन, प्रत्येकी ४० मिलिसेकंद, म्हणजे ३८०च. फरक सूत्राचा आहे. मशीनने बाझेट वापरलंय; फ्रिडेरिशियाने ४४४ येतो. ठोके जलद असले की बाझेट आकडा फुगवतं, हे माहीत आहे. लॅब तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. आई धापा टाकतच टेबलावर आडवी झाली होती.

पोटॅशियम ४.१, क्यूआरएस अरुंद, चक्कर किंवा बेशुद्धी कधीच नाही, घरात कुणाचा अचानक मृत्यू नाही. गोळी सुरू केलेली नाही, निर्णय उद्या डॉक्टरच घेतील. ईसीजी वाचणाऱ्यांना एवढंच विचारायचंय: अशा वेळी तुम्ही फ्रिडेरिशियाचा आकडा ग्राह्य धरता, की रुग्णाला शांत बसवून, ठोके उतरल्यावर ईसीजी पुन्हा काढायला लावता?