मदत हवी आहे: थर्माकोलच्या पेटीतला बर्फाचा कूलर तासाभरात दम तोडतो

खलाशी७

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरापासून हाकेच्या अंतरावर आमचं घर. डोक्यावर सिमेंटचे पत्रे आणि त्याखाली खाटेवर आजी, वय ८१. मे महिन्यात बारा वाजल्यानंतर तिची तळमळ बघवत नाही. एसी घ्या म्हणाल, तर घरातलं वायरिंग बाबांच्या लग्नाआधीचं आहे, आणि दुपारी लाइट जाते ती नेमकी उकाडा टिपेला पोचला की. वाळ्याचा कूलर दोन वर्षांपूर्वी आणून झाला. त्याने पापड मऊ पडले, गादीला कुबट वास धरला, आजी म्हणाली "हे काय, पावसात झोपल्यासारखं वाटतंय". तो कूलर आता मांगरात आहे, त्यात कोंबडी अंडी घालते.

बर्फाला मात्र तोटा नाही. बोटींना बर्फ देणाऱ्या कारखान्यात ओळख आहे, चुरा पाहिजे तेवढा मिळतो. म्हणून पेटी बनवली. मासळीची थर्माकोलची पेटी (नवीकोरी, मासे न पाहिलेली), साधारण दोन बाय दीड बाय सव्वा फूट, भिंत इंचभर जाड. झाकणाला दोन भोकं. एकावर कॉम्प्युटरचा १२० मिमीचा पंखा, हवा आत ढकलणारा. दुसऱ्यात तीन इंची पीव्हीसी एल्बो, तोंड आजीकडे. जुन्या यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएच (अँपिअर-तास) बॅटरी. आत ५ किलो चुरा.

खोलीत ३२.५ अंश, आर्द्रता ७० टक्के (घड्याळासारखा छोटा मीटर आहे). एल्बोतून निघणारी हवा सुरुवातीला २१, अर्ध्या तासाने २४, तासाभराने २९. तेव्हा झाकण उघडलं तर पाण्यात चार खडे तरंगताहेत. खोलीचं तापमान अर्धा अंशही हललं नाही.

माझ्या डोक्यात आहे ते असं: पेटीला आणखी एक थर्माकोलचा थर आणि चंदेरी फॉइल लावावं, पंखे दोन करावेत, बर्फात मीठ घालावं. यातलं आधी काय करू? खर्च दोन हजारांच्या आत बसला पाहिजे.

वैदर्भीय

बर्फ कशाला जाळता भाऊ? आमच्याकडे मे महिन्यात ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असते. अशा हवेचं ओल्या फडक्याच्या थर्मामीटरवरचं तापमान (नुसत्या पाण्याने हवा गार होण्याची ती शेवटची हद्द) २२च्या आसपास येतं. चांगल्या ताट्या लावल्या तर पत्र्याचा कूलर २७ची हवा फेकतो, रात्रभर, नुसत्या पाण्यावर. एक किलो पाणी वाफ होताना जेवढी उष्णता घेतं ती एक किलो बर्फ वितळताना घेतो त्याच्या सातपट असते.

खलाशी७

दादा, कूलर आणून झालाय हे वर लिहिलं आहे. कोंबडीला विचारा.

गॅसचार्जिंगवाला

वैदर्भीय यांचं गणित बरोबर आहे, पण नागपूरचं. रत्नागिरीत ३२ अंश आणि ७० टक्क्यांना ओल्या फडक्याचं तापमान २७च्या वर असतं. म्हणजे कूलर कितीही चांगला असला तरी २८ ते २९ची, पाण्याने गच्च भरलेली हवा देणार. घाम वाळणार नाही. आजींनी एका वाक्यात जे सांगितलं तेच.

आता तुमच्या पेटीचं. मी चिपळूणला फ्रीज-एसी दुरुस्त करतो, त्यामुळे टनाच्या भाषेत बोलतो. एसीचा "टन" हा बर्फावरूनच आलाय. एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ, चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता खेचेल तेवढी त्या मशीनची ताकद. भागाकार करा: तासाला जवळजवळ ३८ किलो. तुमच्या पेटीत आहेत ५. किलोला ३३४ किलोज्यूल धरले तर १,६७० होतात, आणि बर्फाचं पाणी वीसपर्यंत तापेस्तोवर अजून चारशे. तासाभरात ते संपत असतील तर पेटी सरासरी ५८० वॅटने काम करतेय. पंखा आणि थर्माकोल घेऊन बसलेल्या माणसाच्या मानाने हे वाईट नाही. पण तापलेल्या पत्र्याखालची खोली गार करायला ते समुद्रात मूठभर मीठ टाकण्यासारखं आहे. खोलीचा नाद सोडा, खाट गार करा.

थर्माकोलचा दुसरा थर लावू नका. तुमच्या मापाच्या पेटीच्या भिंतींतून ताशी अर्धा किलोच्या आसपास बर्फ वितळत असेल. बाकीचे साडेचार किलो पंखा खातोय. म्हणजे गळकी बादली बुजवायला निघालात, पण नळ उघडाच आहे. फॉइलचं तर नावच नको. फॉइल उन्हात ठेवलेल्या पेटीला उपयोगी, खोलीतल्या पेटीला शोभेची.

खरा चोर वेगळा आहे आणि तो कोकणात सगळ्यांना चावतो. तुमच्या खोलीतल्या एक किलो हवेत २१ ग्रॅम पाणी आहे. २२ अंशांची हवा किलोला १७ ग्रॅमपेक्षा कमी पाणी धरते. मधले चार ग्रॅम बर्फावर दव म्हणून बसतात आणि बसताना ग्रॅमला जवळजवळ अडीच किलोज्यूल सोडून जातात. म्हणजे हवा दहा अंशांनी गार करायला जेवढा बर्फ लागतो, तेवढाच तिचं पाणी पिळायला लागतो. निम्मा बर्फ पाणी पिळण्यात गेला. ते पिळणं वाया नाही, आजींना बरं वाटतं ते त्यामुळेच. पण तुम्ही पिळलेली हवा खोलीत सोडून देता आणि पंख्याने परत नवी दमट हवा आत घेता. दर मिनिटाला नवं धुणं.

म्हणून पंखे दोन केलेत तर बर्फ अर्ध्या तासात संपेल. दुसरं काही होणार नाही.

माडावरची

मच्छरदाणी! आमच्या मालवणात बाळंतिणीच्या खाटेला मच्छरदाणी आणि वरून जुनं नऊवारी टाकायचे, डास आणि वारा दोन्हींसाठी. खाटेवर मच्छरदाणी लावा, वर आणि तीन बाजूंनी सुती चादर सोडा, पेटी आतच ठेवा. गारवा खोलीभर पळणार नाही. प्लास्टिक मात्र मुळीच नको, आणि पायाकडची बाजू उघडी ठेवा. म्हातारं माणूस आहे, गुदमरता कामा नये.

गॅसचार्जिंगवाला

ताईंनी मुद्द्याचं सांगितलं. मी टाइप करत होतो त्याच्या पुढे गेल्या.

बर्फगोळा

मीठ टाका राव, उणे २१पर्यंत जातं. कुल्फीवाले काय वेडे आहेत का?

गॅसचार्जिंगवाला

कुल्फीवाल्याला दूध गोठवायचं असतं, म्हणून त्याला शून्याच्या खालचं तापमान लागतं. आपल्याला २५ची हवा हवी आहे, शून्याचा बर्फ त्याला सढळ पुरतो. मिठाने बर्फाची साठवलेली ताकद वाढत नाही, तो फक्त लवकर वितळतो. वर मी पुढे पंप आणि कॉइल लावायला सांगणार आहे, ते खारं पाणी खाऊन टाकतं.

बर्फगोळा

मग ड्राय आइस? बरीच ताकद असते म्हणे.

गॅसचार्जिंगवाला

नको. ड्राय आइस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, त्याचा वायू हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. चादरीने झाकलेल्या खाटेवर ८१ वर्षांच्या बाईशेजारी ते ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ. कृपया कोणी करून बघू नका.

रविवारचा_इंजिनिअर

एक गैरसमज वर कोणी काढला नाही म्हणून मीच काढतो. बर्फावरून हवा फिरवली की दमटपणा वाढतो असं सगळे म्हणतात. तुमच्या खोलीचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली ओल दव होऊन बसू लागते) २५च्या पुढे आहे. पेटीतलं पाणी त्याहून गार आहे तोवर ते हवेतून ओल खेचतंच, देत नाही. गडबड होते ती बर्फ संपून पाणी कोमट झाल्यावर. तेव्हा पंखा चालू ठेवलात की तुमचा जुना कूलर परत सुरू झाला समजा. पेटीतलं पाणी २५ अंशांना पोचलं की पंखा बंद करत जा.

खलाशी७

सगळ्यांचे आभार. गॅसचार्जिंगवाले दादा, मच्छरदाणी आजच लावतो. पण पेटीत नक्की काय बदल करू? आणि अजून एक. कारखान्याच्या चुऱ्याला निळसर रंग असतो, त्याच्यावरून आलेली हवा आजीच्या तोंडावर जाते. चालेल का?

गॅसचार्जिंगवाला

तो निळा रंग मुद्दाम टाकलेला असतो, हा बर्फ खाण्याचा नाही हे कळावं म्हणून. २०१८मध्ये तसा नियम आला. हे पाणी कुठलं, लादी कशावर फोडली, हे आपल्याला माहीत नसतं. त्यावरून फुंकलेली हवा रोज दुपारी म्हाताऱ्या माणसाने घेऊ नये असं माझं मत. म्हणून बर्फ आणि हवा वेगळे करा. तेच कामाच्या दृष्टीनेही चांगलं.

असं करा. भंगारात जुन्या कारच्या हीटरची कॉइल मिळते, छोट्या रेडिएटरसारखी. ती घ्या. एसीची कूलिंग कॉइल घेऊ नका, तिची तोंडं बारीक असतात आणि आत तेल असतं. कॉइल आधी साबणाच्या कढत पाण्याने आतून धुवा. मग एक तोंड बोटाने दाबून दुसऱ्यातून फुंका आणि बादलीत बुडवून बुडबुडे येतात का बघा. येत असतील तर परत करा, भांडून.

१२ व्होल्टचा पाण्यात बुडणारा छोटा पंप घ्या, तासाला २४० लिटरचा पुष्कळ झाला. तो पेटीच्या तळाशी. पंपातून नळी कॉइलला, कॉइलमधून परत पेटीत. परतीची नळी पंपाच्या विरुद्ध कोपऱ्यात आणि बर्फाच्या वर सोडा. दोन्ही एकाच कोपऱ्यात ठेवलीत तर कोमट पाणी तसंच पंपात शिरेल. सुरुवातीला तीन लिटर पाणी घाला, नाहीतर पंप कोरडा फिरून जळेल. यात वितळलेलं पाणी काढून टाकायचं नाही, तेही १८-२० अंशांपर्यंत काम करतं. पेटीचं झाकण आता बंद, नळ्यांपुरती दोनच भोकं. पंखा कॉइलच्या मागे, आणि कडेच्या फटी पुठ्ठ्याने आणि टेपने बंद. हे टाळू नका, हवा नेहमी सोपी वाट धरते. कॉइल पंख्याला बरीच अडवते, म्हणून पंखा बदलायचाच असेल तर ब्लोअर (जोर लावून हवा ढकलणारा पंखा) घ्या. पण आधी आहे त्यावर चालवून बघा.

कॉइलखाली ताट ठेवा, पाणी टपकणार. कॉइल खाटेपेक्षा उंच नको, नळी निसटली तर गादी भिजेल. बॅटरी पेटीपासून लांब, वायरला बॅटरीजवळच फ्यूज. पंप आणि पंखा मिळून पाऊण अँपिअर घेतील. लेड अॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नसते, तरी तुम्हाला साडेचार तास मिळतील. २३० व्होल्टचा पंप वापरायचा मोह कितीही झाला तरी नको. ओल्या हातांनी आजी पेटीला हात लावणारच.

चुऱ्यासोबत एक मोठा ढेपा टाका. चुरा पाणी लगेच गार करतो, ढेपा पुरवठ्याला राहतो.

घरगुती_गृहिणी

बर्फ घरच्या फ्रीजमध्ये केला तर चालेल का? आमच्याकडे बंदर नाही.

रविवारचा_इंजिनिअर

फ्रीज त्याच घरात असेल तर बर्फातून काढलेली उष्णता आणि वर स्वतःची वीज, दोन्ही मागच्या जाळीतून घरातच सोडतो. बेडरूम जेवढी गार, स्वयंपाकघर त्याहून जास्त गरम. रात्री खिडकी उघडी ठेवून बाटल्या गोठवल्या आणि दुपारी वापरल्या तर थोडा अर्थ आहे.

खलाशी७ (अकरा दिवसांनी)

उशिरा लिहितोय, कॉइल शोधण्यात आठवडा गेला. पहिली गळकी निघाली. परत करताना भांडलो, सांगितल्याप्रमाणे. पंप, नळ्या, कॉइल, फ्यूज धरून १,६५० रुपये झाले.

आधी नुसती मच्छरदाणी आणि चादर लावून जुनीच पेटी आत चालवली. तेवढ्यानेच गारवा तासाऐवजी दीड तास टिकला. ताई, हे तुमचं श्रेय.

आता कॉइलसकट: १० किलो बर्फ, अर्धा चुरा अर्धा ढेपा. खोलीत ३२.५, मच्छरदाणीत उशीजवळ २७.५ आणि ५८ टक्के. अडीच तास टिकलं, त्यानंतर हळूहळू चढत गेलं. ताटात जवळपास अर्धा लिटर पाणी जमलं. ते बघून मला ते "पाणी पिळणं" खरं पटलं. पहिल्या दिवशी परतीची नळी पंपाशेजारीच सोडली होती, तेव्हा तासाभरात हवा कोमट झाली आणि वर बर्फ तसाच. दादांनी लिहिलेलं असूनही. नळी हलवली आणि काम झालं.

एकच तक्रार आहे. पंखा कॉइलमागे घुसमटतो, आवाज घरघर येतो. ब्लोअरचा शोध चालू आहे. आजीला आवाजाचं काही नाही, तिला ऐकू कमी येतं. तिची तक्रार वेगळीच: चादरीमुळे तिला दारातून जाणारे-येणारे दिसत नाहीत. म्हणून दाराकडच्या बाजूची चादर वर गुंडाळून ठेवलीय. एक अंश वाढला, पण ती खूश आहे.

गॅसचार्जिंगवाला

एक अंश जाऊ द्या. ब्लोअर मिळाला की वायरिंगचा फोटो टाका, फ्यूज कुठे बसवलाय ते मला बघायचं आहे.