मदत हवी आहे: १० एमएमची जाळी सारखी बुजते, कुठली स्क्रीन घ्यावी?

घाटपायथा: रेडीजवळ लोहखनिजाचा छोटा प्लांट आहे. जॉ क्रशर (दोन जाड प्लेटांमध्ये दगड चिरडणारं मशीन) आणि दोन डेकची, म्हणजे एकाखाली एक दोन जाळ्यांची व्हायब्रेटिंग स्क्रीन (थरथरती चाळणी). पाऊस संपला तरी खालची जाळी बुजतेच, मशीन बंद करून माणूस वर चढवावा लागतो. शेठ म्हणतात मोठी स्क्रीन घेऊन टाका. कुठली घेऊ? जॉ प्लेटही खालून लवकर झिजतात. कोटेशन उद्या द्यायचंय.

खडीवाला_लांजा: व्हीएसआय लावा, दगड जोरात आपटून फोडणारा क्रशर. आम्ही काळ्या दगडाला लावलाय, खडी अगदी चौकोनी पडते.

फिटरमामा: त्याने खडीचा आकार विचारलाय का? खनिजात आपटून फोडलंत की फाइन्स (बारीक चुरा) वाढतात, आणि भाव लम्पला (मोठ्या तुकड्यांना) असतो. घाटपायथा, बुजते म्हणजे काय होतं? चिखलाचा लेप बसतो की खडे भोकात अडकतात? जॉच्या आधी ग्रिझली (जाड गजांची चाळण) आहे का?

घाटपायथा: लेप. ग्रिझली नाही, डंपर थेट हॉपरमध्ये. धूळ उडते म्हणून हॉपरवर पाईपने पाणी मारतो, ते सगळेच मारतात. स्क्रीनचं सांगा ना.

मिरग: रेडीक असात तर गणपतीक जावन येवा. १९७६ मध्ये खाणीतच गावलेली मूर्ती ती.

फिटरमामा: हे पाण्याचं आधी का नाही सांगितलंस? जांभ्याची माती अर्धवट भिजली की लापशी होते. एक तर माल कोरडा चाळ, नाहीतर भरपूर पाण्याने धुऊन चाळ. मधलं काही चालत नाही. धुवायचं तर गाळ बसवायला तलाव हवा, तो शेठना विचार. धुळीसाठी स्क्रीनवर झाकण आणि पाण्याचा बारीक फवारा स्क्रीननंतरच्या पट्ट्यावर. ग्रिझली बसवलीस तर माती जॉच्या आधीच गळून जाईल. मोठी स्क्रीन आणलीस तर तीही बुजेल.

खडीवाला_लांजा: तारेच्या जाळीऐवजी पीयू (पॉलियुरेथेन) पॅनेल लाव, वर्षानुवर्षं टिकतं.

फिटरमामा: टिकतं खरं, पण उघडी जागा तारेच्या जाळीपेक्षा कमी. चिकट मालाला सुट्या तारांची जाळी बरी, प्रत्येक तार वेगळी थरथरते म्हणून माती धरत नाही. फक्त चपटे तुकडे खाली निसटतात, ग्राहकाला चालतं का बघ.

आणि आजच एक कर. स्क्रीनच्या बाजूच्या पत्र्याला चारही कोपऱ्यांत कागद चिकटव, मशीन चालू असताना बाहेर टेकवलेली पेन्सिल त्यावर अलगद धर. चारही ठिकाणी सारखीच लंबगोल रेघ उमटली पाहिजे. पट्टे आणि पुली सांभाळून.

घाटपायथा: केलं. तीन कोपऱ्यांत बरोबर आली, पुढच्या डाव्या कोपऱ्यात नुसता ठिपका. तिथली स्प्रिंग बाकीच्यांपेक्षा आखूड दिसतेय.

खडीवाला_लांजा: मग स्प्रिंग बदल, एवढ्यासाठी धागा कशाला?

फिटरमामा: एकटी बदलू नकोस, त्या टोकाच्या सगळ्या बदल. मग बेअरिंग किती तापतं तेही बघ.

घाटपायथा: ठीक. पाणी आजपासून बंद. पण जॉ प्लेटचं कुणीच सांगितलं नाही.

फिटरमामा: खालून झिजल्या की उलटून लाव, वरचं टोक खाली. बदलताना मागे माती राहू देऊ नकोस, प्लेट नीट टेकली नाही तर तडकते. सीएसएस किती ठेवलंय?

घाटपायथा: ते काय असतं?