लाच देऊ नका, हे आम्हाला कंपन्यांनी का सांगावं?

पार्कचौक_कट्टा (धागा सुरू करणारा):
31 ऑक्टोबर, सरदार पटेलांची जयंती जवळ आली की केंद्रीय दक्षता आयोगाचा भ्रष्टाचारविरोधी जागरूकता सप्ताह येतो. सरकारी कंपन्या आणि बँका तो पाळतातच, आता खासगीवालेही हौसेनं उतरतात. जुळे सोलापुरातल्या एका कॉलेजात परवा एका कंपनीनं रांगोळी स्पर्धा घेतली, पथनाट्य केलं आणि शेवटी सगळ्यांना उभं करून शपथ दिली. पोरांना टोप्या मिळाल्या, कंपनीला फोटो मिळाले.

माझा आक्षेप साधा आहे. दाखल्यासाठी शंभर-दोनशे मोजणाऱ्याला उपदेश, आणि टेंडर-परवान्यांबद्दल अवाक्षर नाही. मोठा पैसा देणारा छोट्या देणाऱ्याला शिकवतोय.

चादर_टॉवेल:
अक्कलकोट रोडला माझे थोडे माग आहेत. एका परवानगीसाठी फाईल अडली. माग बंद असला म्हणून सुताचं व्याज थांबत नाही, कामगाराला शनिवारी पगार लागतोच. दिले पैसे. मला कशाची जागृती करायलेत हे? लाच वाईट असते हे मला माहीत नाही का?

कोर्टातली_ताई:
दादा, लाच वाईट हे माहीत आहे, कायदा माहीत नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार, सात वर्षांपर्यंत शिक्षा. बळजबरीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवायचं, मग तुम्ही सुटता. ही ओळ मी आजवर एकाही फलकावर पाहिलेली नाही. तिथं नुसता तिरंगा आणि 'भ्रष्टाचारमुक्त भारत'.

आणि पैसे देण्याआधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला 1064 वर फोन केलात तर उत्तम. पंचांसमोर मागणीची पडताळणी होते, मगच सापळा लागतो.

चादर_टॉवेल:
लागला सापळा, गेला साहेब. त्याच टेबलावर दुसरा येतो की. तो माझी फाईल कुठल्या नजरेनं बघणार? आपल्याला ह्याच गावात धंदा करायचाय, ताई.

कोर्टातली_ताई:
याला माझ्याकडे कायद्याचं उत्तर नाही.

मराठी_शिकवते:
ते पथनाट्य मीच बसवलं, म्हणून बोलते. कंपनीकडून आलेली संहिता अगदी बाळबोध होती, राक्षस वगैरे. पोरांनी ती बाजूला ठेवली आणि उत्पन्नाच्या दाखल्याचा प्रसंग घेतला. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानं दाखला किती दिवसांत द्यायचा ते ठरलेलं असतं, उशीर झाला तर अपील करता येतं, आणि अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. वर्गातल्या एकालाही हे ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर स्टाफरूममध्येही नव्हतं. आता निदान त्या पोरी अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडणार नाहीत. मांडव आणि माईक कंपनीचा होता, म्हणून हे खोटं ठरतं का?

पार्कचौक_कट्टा:
बाई, तुमचं काम चांगलं. श्रेय मात्र भलत्याला जातंय. सीमेन्स या जर्मन कंपनीचं उदाहरण घ्या. लाचखोरीत अडकल्यावर 2008 मध्ये अमेरिका आणि जर्मनीत मिळून सुमारे 160 कोटी डॉलर भरले. पुढच्या वर्षी जागतिक बँकेशी तडजोड झाली, तेव्हा 15 वर्षांत 10 कोटी डॉलर भ्रष्टाचारविरोधी कामाला द्यायचं कबूल केलं. पकडल्यावर सुचलेलं शहाणपण!

होटगीरोड:
सुचलं तर सुचलं. तो पैसा कामालाच लागला ना? टाटा टीनंही 2009 मध्ये 'जागो रे'च्या जाहिरातींत लाचेचा विषय घेतला होता. चहा खपवायचा होताच, पण लाचेवर घराघरांत बोलणं तरी झालं.

पार्कचौक_कट्टा:
आणि पक्षांना देणगी द्यायचे ते निवडणूक रोखे? 2017 आधी कंपनीला सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच पक्षांना देणगी देता येत होती. ती मर्यादा काढली आणि नावंही झाकली. 15 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं योजना रद्द केली, तेव्हा कुठं याद्या बाहेर आल्या. त्या वाचल्यापासून कंपनीची शपथ मला ऐकवत नाही.

होटगीरोड:
रोखे तेव्हा कायदेशीर होते. सगळं एकाच टोपलीत टाकू नका.

कोर्टातली_ताई:
कायदेशीर होतं म्हणून स्वच्छ होतं, असं न्यायालयाला तरी वाटलं नाही. पण एक मुद्दा राहतोय. त्याच 2018 च्या दुरुस्तीत कलम 9 आहे. कंपनीच्या वतीनं कुणी लाच दिली तर कंपनीही आरोपी होते. सुटायचं असेल तर लाच रोखायची पुरेशी व्यवस्था आमच्याकडे होती, हे दाखवावं लागतं. म्हणजे शिकवायला आपलेच एजंट, ठेकेदार, खरेदी विभाग आहेत. कॉलेजची पोरं आयती सापडतात, एवढंच.

मराठी_शिकवते:
हे पटलं. पुढच्या वर्षी अट घालते. आधी तुमच्या खरेदी विभागाचा माणूस समोर बसवा, पोरं प्रश्न विचारतील, मग रांगोळी.

पार्कचौक_कट्टा:
येणार नाहीत. पैज.

मराठी_शिकवते:
नाही आले तर रिकामी खुर्ची ठेवून तोच प्रयोग चौकात चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी करू. माईक भाड्यानं मिळतो.

चादर_टॉवेल:
माईकचं भाडं मी देतो. पावती घेईन. पण माझी फाईल नाटकात घालू नका, अजून एक सही बाकी आहे.