मॅन्युअल गिअरची गाडी मिळतेय तोवर मॅन्युअलच घ्या: ‘हट्ट सोडा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

तिसरा_गिअर
काल एकाने विचारलं, पंचवीस लाखांत चालवायला मजा येईल अशी कोणती गाडी घेऊ. त्यावर वाकडकरांचं उत्तर: “मॅन्युअलचा हट्ट सोडा. ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) तुमच्यापेक्षा लवकर गिअर बदलतो. मॅन्युअलवाले नुसत्या जुन्या आठवणी काढत बसतात.” खाली बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. माझं उत्तर लांबलं म्हणून वेगळं लिहितोय.

लवकर बदलतो, मान्य. पुढचा गिअर दुसऱ्या क्लचवर आधीच तयार असतो, माणसाच्या हाताला ते जमणं शक्य नाही. पण ताम्हिणी घाटात पहाटे गाडी काढणारा माणूस लवकर पोचायला निघालेला नसतो. वळणाआधी चवड्याने ब्रेक दाबून ठेवायचा, त्याच पायाच्या टाचेने अ‍ॅक्सिलरेटरला हलका टोला द्यायचा, इंजिनाचे फेरे (रेव्ह) जुळले की दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा. गाडीने हिसका न देता वळण घेतलं तर ते श्रेय माझं, आणि दिला तर पुढच्या वळणाला सुधारायचं. ऑटोमॅटिकमध्ये स्टिअरिंगमागचं पॅडल ओढल्यावर हे काम कॉम्प्युटर करतो. तो उत्तम करतो, पण मग मी काय केलं?

आता बाजार बघा. फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय २०२५ च्या मे महिन्यात आली, एक्स-शोरूम ५३ लाख, फक्त डीएसजी, म्हणजे तोच ड्युअल क्लच. त्याच ऑक्टोबरात स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस, ४९.९९ लाख, देशाला शंभर गाड्या, त्या केव्हाच संपल्या, तीही फक्त डीएसजी. याच आरएसची आपल्याकडची पहिली पिढी १.८ टर्बो मॅन्युअल होती. २०११ ची लॉरा आरएससुद्धा मॅन्युअल. मिनीने तर जगभर क्लचचं पेडल काढून टाकलं. कोटीच्या घरात बीएमडब्ल्यू एम२ मॅन्युअल मिळते, पण तिथेही मॅन्युअलला टॉर्क ५५० न्यूटन-मीटर आणि ऑटोमॅटिकला ६००.

म्हणजे साध्या माणसाला उरली काय, तर फोक्सवॅगन व्हर्टस जीटी १.५. १५० पीएस ताकद, २५० न्यूटन-मीटर टॉर्क, सहा गिअर, आपल्या चाकणला बनते, ऑन-रोड वीस-एकवीस लाख. त्याखाली ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन लाइन. विचारणाऱ्याने व्हर्टस मॅन्युअल घ्यावी, उरलेल्या पैशांत चांगले टायर टाकावेत आणि कोइंबतूरच्या करी ट्रॅकवर एकदा तरी जाऊन यावं. ऑटोमॅटिक पाच वर्षांनीही मिळेल. ही मिळेल याची खात्री कोणी देत नाही.

वाकडकर
मीच तो. ताम्हिणी पहाटे सुंदर आहे, मीही जातो. पण गाडी पहाटेची आणि रोजची वेगळी असते का? आमच्याकडे पार्किंग एक, गाडी एक, हप्ता एक. सकाळी वाकड पुलाखालून हिंजवडी फेज थ्री, संध्याकाळी उलटं. हाफ क्लचवर इतकी वर्षं काढली की डावा घोटा सुजायला लागला. फिजिओथेरपिस्टने पहिला प्रश्न विचारला, गाडी कोणती चालवता?

त्यानंतर व्हर्टसच घेतली, डीएसजी. इंजिन तेच, स्टिअरिंग तेच. शुक्रवारी रात्री मी थकलेला नसतो म्हणून शनिवारी घाटात जायची इच्छा उरते. मॅन्युअल होती तेव्हा शनिवारी गाडीकडे बघवत नव्हतं. शिवाय बायकोलाही चालवायची असते. मजा कधी घेता येते याचा हिशोब कोणी करतच नाही.

स्नेहल_नाशिक
घोटा दुखतो म्हणून ऑटोमॅटिक घेतली, इथपर्यंत सगळं पटलं. “बायकोलाही चालवायची असते” हे मधे कशाला? दर वेळी हेच. ऑटोमॅटिक नवऱ्याला हवी असते आणि बिल बायकोच्या नावावर फाडलं जातं.

मी मारुतीची बलेनो आरएस चालवते. एक लिटर बूस्टरजेट, फक्त मॅन्युअल. २०१७ ला आली, २०२० ला बंद झाली, कारण कौतुक सगळ्यांनी केलं आणि घेतली मोजक्यांनी. गाडी बघायला गेलो तेव्हा सेल्समन सगळं बाबांनाच सांगत होता. किल्ली मी मागितली तर म्हणाला, मॅडम, आमच्याकडे एएमटी, म्हणजे ऑटोमॅटिक, पण आहे. कोणती कंपनी, कोणतं शोरूम, सांगत नाही, कारण हे सगळीकडे होतं.

वाकडकर
ताई, माझ्या घरात काय झालं हे तुम्हाला कसं ठाऊक? बायकोने स्वतः सांगितलं की तिला क्लच नको. दोन लहान मुलं मागे भांडत असताना चढावर हँडब्रेक धरून गाडी उचलायची तिला हौस नाही. तिचं मत हे मत नाही का? प्रत्येक वाक्यात अपमान शोधू नका.

स्नेहल_नाशिक
तिचं मत असेल तर तिचं म्हणून लिहा. तुम्ही ते तुमच्या मुद्द्याला टेकू म्हणून वापरलंत, मी त्यावर बोलले. आणि चढावर गाडी मागे जाऊ न देणारा हिल होल्ड आता मॅन्युअललाही असतो.

कोल्हापुरी_रेव्ह
भांडण बाजूला ठेवा, मूळ दुखणं वेगळंच आहे. २००६ च्या बजेटमध्ये चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी असेल तर एक्साइज २४ वरून १६ टक्के केली. त्या दिवसापासून आपल्याकडे छोट्या गाडीत मोठं इंजिन टाकणं म्हणजे नुकसान. फियाट पॅलिओ १.६ सारखी गाडी पुन्हा कोण बनवणार? आता जीएसटीतही तेच, एका बाजूला १८ टक्के, रेषेच्या पलीकडे ४०. मधे काही नाही.

तरीही २०१५ ला रांजणगावातून फियाटची अबार्थ पुंटो आली. १४५ अश्वशक्ती, मॅन्युअल, दहा लाखांच्या आत. आमच्या ग्रुपमध्ये सगळे वेडे झाले होते. घेतली एकानेही नाही. मीही नाही, तेव्हा नोकरी नवीन होती. आज तीच मंडळी जुनी अबार्थ शोधत फिरतात आणि कंपन्यांना शिव्या देतात. तिसरा गिअर साहेब, तुम्ही कंपन्यांवर रागावताय, पण गिऱ्हाईक कुठे होतं?

आणि २०१८ पासून इथल्या चाचण्यांशिवाय प्रत्येक कंपनीला वर्षाला २,५०० गाड्या आयात करता येतात. टोयोटाची जीआर यारिस, होंडाची टाइप आर, दोन्ही उजव्या स्टिअरिंगच्या बनतात. आणत का नाहीत? ड्युटी लागून किंमत अशी होते की त्या पैशात माणूस भारी कंपनीचा बिल्ला बघतो. एवढीच गोष्ट आहे.

लालपरी_प्रेमी
माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. त्यांचा एक नियम: ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. आजची ऑटोमॅटिकवाली पोरं वरंधा उतरताना ब्रेकवर पाय ठेवूनच येतात, खाली आल्यावर चाकांतून वास. मजेचं राहू द्या, घाटाच्या मुलखात मॅन्युअल ही सुरक्षेची गोष्ट आहे.

अ‍ॅव्हरेज_पाटील
आमचे काका आयुष्यभर घाट न्यूट्रलला उतरले. पेट्रोल वाचतं आणि इंजिनाला आराम. काही झालं नाही कधी.

लालपरी_प्रेमी
हे वाचून अंगावर काटा आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकने कितीतरी गाड्या ठोकल्या, ती बातमी वाचली नव्हती का? उतारावर इंजिन बंद केल्याचं प्राथमिक तपासात पुढे आलं होतं. कारचंही इंजिन बंद झालं की ब्रेकला मदत करणारं बळ दोन-चार दाबांत संपतं आणि पेडल दगडासारखं होतं. काकांना काही झालं नाही ते नशीब.

अ‍ॅव्हरेज_पाटील
काका इंजिन बंद करत नव्हते, फक्त न्यूट्रल. न वाचता आरोप करू नका. आणि तो ट्रक होता, आमची अल्टो.

तिसरा_गिअर
पाटील, न्यूट्रलला पेट्रोलही वाचत नाही. कार्ब्युरेटरच्या काळात थोडंफार खरं असेल. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधन पूर्ण तोडलं जातं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलंत की इंजिन जिवंत ठेवायला उलट पेट्रोल टाकावं लागतं. म्हणजे ब्रेकवर भार वाढवून तुम्ही जास्तच जाळताय.

अ‍ॅव्हरेज_पाटील
मग टाकी भरल्यावर जास्त किलोमीटर का जायची? आकडे वहीत लिहिलेले आहेत.

स्नेहल_नाशिक
कारण काका एकूणच हळू चालवत असतील. कसारा घाटात न्यूट्रलला येणारे ट्रक मागे असतात तेव्हा माझा जीव मुठीत असतो, आणि तुम्ही वहीतले आकडे सांगताय. हा सल्ला इथे वाचून उद्या एखादा नवशिका तसंच करेल. कृपा करून काढून टाका.

अ‍ॅव्हरेज_पाटील
काढणार नाही. पण ठीक आहे, घाटात करू नका. सपाट रस्त्याचं मी पाहून घेईन.

वाकडकर
लालपरी दादा, वडिलांचा नियम शंभर टक्के बरोबर. पण तो गिअर वापरण्याचा नियम आहे, क्लचच्या पेडलचा नाही. माझ्या गाडीत पॅडल आहे, एस (स्पोर्ट) मोड आहे. ताम्हिणी मी दुसऱ्या-तिसऱ्यात इंजिन ब्रेकिंगवर उतरतो. एएमटीलाही मॅन्युअल मोड असतो. ज्याला शिकवलंच नाही तो पाच गिअरची गाडीसुद्धा चौथ्यात ब्रेक जाळत आणेल. दोष शिकवण्याचा. आपल्याकडे लायसन्सच्या परीक्षेत घाट कुठे असतो?

लालपरी_प्रेमी
हे मान्य करावं लागेल. पण पॅडल असलेल्या किती जणांना ते कशासाठी आहे हे माहीत आहे? मॅन्युअलवाल्याला निदान गिअर टाकल्याशिवाय गाडी हलवता येत नाही, म्हणून तो शिकतो.

एडिसनचा_मराठी
न्यू जर्सीतून लिहितोय. इथे नव्या गाड्यांत मॅन्युअल दोन टक्क्यांहूनही कमी. जीटीआयचं मॅन्युअल २०२५ मॉडेलपासून गेलं. पण चित्र एवढं काळं नाही. होंडाची सिव्हिक एसआय फक्त मॅन्युअल मिळते. टोयोटाची सुप्रा २०१९ ला फक्त ऑटोमॅटिक आली होती, लोक मागे लागले, तीन वर्षांनी मॅन्युअल आली. पोर्शेने २०१३ ला ९११ जीटी३ चं मॅन्युअल बंद केलं, २०१७ ला परत आणलं. तुमच्याकडेच बघा, आय-ट्वेंटी एन लाइन २०२१ ला क्लच पेडल नसलेल्या आयएमटीवर आली, २०२३ ला खरा मॅन्युअल मिळाला. मागितलं तर मिळतं.

मी टोयोटा जीआर८६ घेतली, मॅन्युअल. रोज ट्रेनने जातो, म्हणून परवडतं. रोज टर्नपाइक या टोल महामार्गावरून जायचं असतं तर वाकडकरांसारखंच केलं असतं, हेही सांगतो.

कोल्हापुरी_रेव्ह
मागितलं तर मिळत नाही भाऊ, विकत घेतलं तर मिळतं. तिकडे सुप्रावाल्यांनी चेक फाडले. इथे प्रत्येक मॅन्युअल व्हेरियंटचं वेगळं सर्टिफिकेशन करायचं, वेगळा स्टॉक ठेवायचा, आणि वर्षअखेर डिस्काउंट देऊन विकायचा. कंपनी किती दिवस करेल?

तिसरा_गिअर
म्हणून तर मी आज घ्या म्हणतोय! तुमचाच मुद्दा माझ्या बाजूने जातो.

वाकडकर, घोट्याचं दुखणं मी हलक्यात घेत नाही. ज्याचं शरीर किंवा रोजचा रस्ता साथ देत नाही त्याने ऑटोमॅटिक घ्यावी. माझा आक्षेप फक्त “हट्ट सोडा” या शब्दांना आहे. विचारणाऱ्याने ट्रॅफिकचं नावही काढलं नव्हतं. त्याने मजा विचारली होती.

वाकडकर
बरं. घरात दुसरी गाडी असेल किंवा ऑफिस जवळ असेल तर व्हर्टस मॅन्युअल घ्यावी, एवढं मागे येतो. “आठवणी काढतात” हे मात्र मागे घेत नाही. मॅन्युअलचं गुणगान करणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या दारात एएमटी उभी असते.

सातपूरचा_नवखा
प्रश्न माझाच होता. ऑफिस सायकलने जाण्याइतकं जवळ आहे, ट्रॅफिक म्हणाल तर त्र्यंबक रोडचं. दोन ठिकाणी जीटी मॅन्युअलची टेस्ट ड्राइव्ह मागितली. दोन्हीकडे डीएसजी चालवून बघा म्हणाले, “इंजिन तेच आहे, सर.” न चालवता वीस लाख कसे घालू?

स्नेहल_नाशिक
घालू नका. लेखी मेल टाका, की मॅन्युअल चालवायला मिळाल्याशिवाय बुकिंग करणार नाही, आणि त्यात कंपनीच्या कस्टमर केअरलाही घ्या. मला तसं केल्यावरच गाडी दुसऱ्या शहरातून आणून दिली होती. चालवायला मिळाली तर दुसऱ्या गिअरमध्ये कमी रेव्हला टर्बो कितपत उशीर करतो ते बघा, क्लचचं पेडल किती वर आल्यावर पकडतं ते बघा, आणि सेल्समनला मागे बसवा.